नववी मूठ

पारोळ्याच्या पुढे, धुळ्याकडे जाणाऱ्या हायवेला लागून ‘झुलेवाडी’ उभी राहिली, त्याला चार वर्षं झाली. लताबाईनं एसटीच्या खिडकीतून तिथला तो उंच पाळणा पन्नासदा तरी पाहिला असेल. पण आत जायची वेळ आज आली, आणि तीही धाकट्या जावेच्या बोलावण्यावरून. त्यामुळे फाटकातून शिरतानाच तिचं निम्मं मन खट्टू होतं. उरलेलं निम्मं हेमांगीची साडी पाहून झालं. साडी साधीच होती, पण इतकी साधी साडी नेसायलाही जळगावात राहावं लागतं, हे लताबाईला कळत होतं.

फाटकावरची पोरगी प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टा चिकटवत होती. हेमांगीनं मोबाइलवर तिकिटं आधीच काढलेली, म्हणून सगळ्यांचे पट्टे पिवळे. सासूच्या हाताला पट्टा लावायला हेमांगी स्वतः वाकली, सुंदरबाईची पाटली हलकेच वर सरकवली आणि टोचत नाही ना, असं चार लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. लताबाई बघत राहिली. गेल्या श्रावणात सुंदरबाईचं हाड मोडलं, तेव्हा अडीच महिने तिला न्हाऊ घातलं लताबाईनं. तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

निमित्त किरणचं होतं. लताबाईच्या किरणचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते, मुलगा भुसावळचा, रेल्वेत. काकानं पुतणीला मेजवानी द्यावी, यात वावगं काही नव्हतं. पण मेजवानीच्या पोटात दुसरंच काही शिजत होतं आणि ते लताबाईला ठाऊक होतं. कुंदननं मोठ्या भावाला फोनवर सांगितलं होतं, की यंदा कानबाई आपण जळगावला बसवू, माय म्हणेल तर तिलाही तिकडेच ठेवून घेऊ. नवल नेहमीप्रमाणे ‘माय सांगी ते’ म्हणाला, आणि ही गोष्ट बायकोला तीन दिवसांनी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितली. लताबाईनं त्या दिवशी ठेचा असा वाटला की घरात दोन दिवस सगळे पाणी पीत होते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. अमळनेरपासून सहा कोसांवरच्या त्यांच्या गावात, पाटलांच्या घरात ती लताबाईच्या हातानं बसत आली होती. आदल्या दिवशी गहू मोजायचे, घरातल्या माणशी एक मूठ. मूठ सुंदरबाईची, सूप लताबाईचं. त्याच पिठाचे रोट, ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि उरवायचे तर मुळीच नाहीत. त्या दिवशी कुंदन-हेमांगी गाडी घेऊन गावी येत, आणि हेमांगी जमिनीवर पाटावर बसून मोठ्या जावेच्या हातचं मुकाट्यानं जेवे. वर्षातला तो एक दिवस लताबाईचा. बाकी तीनशे चौसष्ट दिवस मार्बल, स्कूटी आणि इंग्रजी शाळा हेमांगीच्या बाजूला होत्याच. आता ती हा एक दिवसही मागत होती.

कारंजापाशी बेबाबाई उभी होती. नवलची धाकटी आणि कुंदनची मोठी बहीण, दोंडाईच्याला दिलेली. पहाटेची एसटी धरून धुळ्यावरून ती एकटीच आली होती, हातात किरणला द्यायच्या साखरपुड्याच्या साडीची पिशवी. किरणनं आत्याला फोन केला होता, तुम्ही येताय ना म्हणून. बेबानं हो म्हटलं होतं.

“अगंबाई, बेबाताई,” हेमांगी म्हणाली.

लताबाईनं दोन गोष्टी टिपल्या. एक, हेमांगीचा चेहरा उतरला. दुसरी, बेबाच्या हातावरचा पट्टा गुलाबी होता. बाकी सगळ्यांचे पिवळे आणि हिचा एकटीचा गुलाबी, म्हणजे हिनं खिडकीवर रांग लावून स्वतःचं तिकीट काढलं होतं. म्हणजे हेमांगीनं नणंदेला धरलंच नव्हतं. लताबाईला एकदम हलकं वाटलं. देवीनंच हे हातात आणून दिलं, असं तिच्या मनात आलं आणि मग सगळी दुपार ती योग्य वेळेची वाट बघत राहिली.

*

हॉटेल झुलेवाडीच्या आतच होतं, नाव ‘चुलांगण’. वाढपी फेटे बांधलेले, भिंतीवर कुलूप न लागणारी जुनी दारं, कोपऱ्यात कधी न पेटणारी चूल. टेबल म्हणजे बैलगाडीचं चाक, वर काच. आणि बसायला खुर्च्यांऐवजी लाकडाचे ओंडके, तेही जमिनीत सिमेंटनं रोवलेले. रविवारची गर्दी एवढी की माणसं दाराबाहेर आपल्या नंबराची वाट बघत होती. हेमांगीनं राखून ठेवलेल्या चाकाभोवती आठ ओंडके होते. आठ माणसं बसली आणि बेबाबाई उभी राहिली.

ओंडका उचलून आणता येत नव्हता, हीच सगळी अडचण. वाढप्यानं हात जोडून सांगितलं की आठाचं टेबल आठालाच, नऊ असते तर दहाचं दिलं असतं, फोनवर तसं बोलायला हवं होतं. नवल आणि कुंदन आपापल्या ओंडक्यावर बसून त्याच्याशी हुज्जत घालत होते. उठून जागा द्यावी असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

“ऱ्हाऊ दे,” बेबाबाई म्हणाली. “तुम्ही जेवी ल्या. मी मांगून बसस.”

लताबाईची वेळ आली होती. तिनं आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

“जेवाले बलावनं म्हंजे मानसं मोजीसन बलावनं पडस, हेमांगी. आम्ही खेड्यामा ऱ्हातस, तरी लेकीबाईले पाट कमी पडू देत नही. कानबाईना दिन शंभर मानूस ऱ्हास.”

शेवटचं वाक्य ती सासूकडे बघून बोलली.

हेमांगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती उत्तर देऊ शकत होती, आणि उत्तर असं होतं की लताताईचं तोंड जागच्या जागी मिटलं असतं. बुकिंगच्या दिवशी तिनं स्वतः सासूला फोन केला होता. ‘आई, आपण किती जण?’ आणि सुंदरबाईनं थोडा वेळ घेऊन सांगितलं होतं, आठ. हेमांगीनं पुन्हा विचारलं होतं, नक्की आठ ना? आठच. बेबाताईंचं काही जमत नसेल, एवढंच तिनं धरलं आणि पैसे भरून टाकले.

पण हे बोललं तर आईच पोरीला विसरली असं भर हॉटेलात होणार, आणि आज सुंदरबाई तिला दुखवायची नव्हती. वीस वर्षं हेमांगी या घरची सून होती. सासू जळगावला यायची, चार दिवस राहायची आणि चारही दिवस ताटात अर्धी पोळी ठेवून म्हणायची, तुनं बेस शे वं, पन लतानी भाकर येगळीच. हेमांगीनं भाकरी शिकून घेतली, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ अमळनेरहून मागवलं, पाटा-वरवंटा आणला. तरी भाकर वेगळीच. नव्या घरात तिनं कानबाईसाठी कोनाडा केला होता, तांबडा दिवा लावून. तो दोन वर्षं रिकामा होता. लोकांना वाटे हेमांगीला काय कमी आहे. हेमांगीला लताताईचा इतका मत्सर वाटे की कधी कधी तिची तिलाच लाज वाटायची.

म्हणून ती सासूचं नाव न घेता उठली.

“माझंच चुकलं. बेबाताई, तुम्ही बसा इथे. मी नंतर जेवेन.”

आता हे लताबाईला कसं परवडावं? चूक केली हिनं, आणि उठून मोठेपणाही हिनंच घ्यायचा. तीही तटकन उठली. तिनं वाढप्याच्या हातातली वरणाची पळी काढून घेतली आणि सांगितलं की तिला बसून जेवायची सवयच नाही, ती वाढेल, बेबाताईनं तिच्या जागी बसावं. हेमांगी म्हणाली, लताताई, तुम्ही पाहुण्या आहात. लताबाई म्हणाली, मी पाहुणी कधीपासून झाले? मग किरणही उठायला लागली, तर तिला दोघींनी एकदमच खाली बसवलं, साखरपुडा झालेली मुलगी उभी राहते का म्हणून. तेवढ्यापुरतं दोघींचं एकमत झालं.

तर असं होतं. दोन ओंडके रिकामे, तीन बायका उभ्या, आणि बाहेरच्या रांगेतली माणसं काचेतून त्या रिकाम्या ओंडक्यांकडे बघताहेत. हेमांगीची दोन पोरं मान खाली घालून बट्टी कुस्करत होती. भरीत आलं होतं. आखाडातलं वांगं, त्यात चव कमी नि बी फार, आणि तरी सुंदरबाई मघाशी त्याला बेस शे म्हणाली होती. लताबाईच्या ते अजून डोक्यात होतं.

“बसा दोन्ही,” सुंदरबाई म्हणाली. तिचं ऐकून न ऐकल्यासारखं झालं, तेव्हा तिनं काचेवर टिचकी मारली. “बसा म्हंतस ना. हेमांगीले काय बोलू नका. आठ मीच सांगं.”

नवलनं वर पाहिलं.

“तिनी फोनवर इचारं, कितला जन. मी मुठी मोज्यात. कानबाईन्या मोजस तश्या.” म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले आणि एकेक बोट दुमडत दाखवलं. “मी. नवल. लता. किरण. कुंदन, हेमांगी, तिना दोन पोरं. आठ झाये. मनी जीभवर तेच उनं. मले ध्यानमाच नही उनं का हाई जेवान शे, कानबाई नही.”

बोलून झालं तरी बोटं दुमडलेलीच होती. पोटच्या पोरीकडे तिनं अजून पाहिलं नव्हतं.

*

बेबाबाईला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. कारंजापाशी हेमांगीचा चेहरा पडला, तेव्हाच तिला समजलं होतं की आपला आकडा कुठेतरी गळला आहे. तिला वाटलं होतं वहिन्यांनी गाळला. वहिन्यांचा राग धरणं सोपं असतं. राग धरून ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली असती, आणि वर्षभर तो पुरला असता.

मायनं गाळला, हे तिला धरता येईना.

“मुठीमा मी नही, ते मले माहीत शे,” ती म्हणाली. उभी होती म्हणून की काय, सगळ्यांना मान वर करून ऐकावं लागत होतं. “आज सांगी टाकस. वहिनी, हेमांगी, मले तुमना दोन्हीसना हेवा वाटस. मना लगीनले बावीस वरीस झाये. तुम्ही परका घरथीन उन्यात नि मुठीमा बसन्यात. मी त्या घरमा जलमनू, नि लगीन लागं त्याच दिन मनी मूठ निंघी गयी.”

“अक्का, रीत आहे ती,” कुंदन म्हणाला. “आपण कुठे केली?”

“रीतच शे, भाऊ. लेकनी मूठ सासरमा पडस, आशी रीत. पन मना सासरमा कानबाई बसतच नही.” तिनं साडीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मंग मनी मूठ कोठे शे?”

कानबाईच्या रविवारी बेबा दोंडाईच्यात काय करत असेल, असा विचार त्या टेबलावरच्या एकाही माणसानं बावीस वर्षांत केला नव्हता. लताबाईनं तर नाहीच. त्या दिवशी तिला विचार करायला सवडच कुठे असायची, ती मिरवत असायची.

सुंदरबाई मुळात एवढीशी बाई. ती सरकली आणि अर्धा ओंडका मोकळा झाला. तिनं बेबाच्या पदराला धरून खाली ओढलं, लहान पोराला ओढावं तसं, आणि बेबा बसली. मग दोघी सुनाही बसल्या. पळी लताबाईच्या हातातच राहिली.

“आते आयका,” सुंदरबाई म्हणाली. “यंदा कानबाई कोठे बसाडानी, हाई इचाराले तुम्ही मले आठे झुलेवाडीमा आनं. मी काय समजत नही का? पाळना दखाडाले कोनी सत्तर वरीसनी म्हतारीले आनत नही.” कुंदननं पाण्याचा ग्लास उचलला. “मंग मी सांगस. जी बेबानी मूठ धरी, तिना घरमा कानबाई बसी.”

लताबाईनं हेमांगीकडे पाहिलं आणि हेमांगीनं लताबाईकडे. दोघींना हवं ते अगदी समोर, काचेवर ठेवल्यासारखं होतं. एक शब्द बोलायचा होता आणि दोघींच्याही तोंडून तो निघेना.

कारण सगळ्यांना भागाबाईची गोष्ट माहीत होती. दोघींचे वारलेले सासरे हिलाल आबा, त्यांची आत्या भागाबाई, लग्न झालेली, कानबाईला माहेरी आली आणि कुणीतरी प्रेमानं तिला रोटाचा तुकडा दिला. त्या वर्षी घरातला बैल विहिरीत गेला आणि पाठोपाठ कपाशीही गेली. खरं-खोटं देवीलाच ठाऊक. पण हेमांगीचा मुलगा यंदा बारावीला होता, मेडिकलची परीक्षा देणार होता, आणि जळगावच्या मार्बलच्या घरातही असल्या गोष्टींची भीती वाटतेच. तिनं कुंदनकडे पाहिलं. कुंदननं पाणी संपवलं आणि पुन्हा भरून घेतलं.

लताबाईची नजर किरणवर गेली. किरण मनगटावरचा पिवळा पट्टा नखानं उचकटत बसली होती. तुळशीच्या लग्नानंतर हिचं लग्न. म्हणजे यंदाच्या रविवारी सुंदरबाई बोटं दुमडत किरण म्हणेल, आणि पुढल्या वर्षी ते बोट दुमडलं जाणार नाही. लताबाईनं भुसावळच्या मंडळींना सगळं विचारलं होतं. क्वार्टर स्वतःचं आहे का, बदली कुठे होते, मुलाला दारूबिरू आहे का, सासूचा स्वभाव कसा. घरात कानबाई बसते का, हे विचारायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ते लक्षात येण्यासारखं काही असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

पाच-दहा वर्षांनी अशाच कुठल्यातरी टेबलापाशी किरण उभी आहे, हातात पिशवी, आणि मोजणारी बाई आपण.

“मी धरस,” ती म्हणाली. मग सासूकडे वळून पुन्हा म्हणाली. “बेबाताईनी मूठ मी धरसू.”

“अवं, पन भागाबाईनं...” नवल म्हणाला.

“भागाबाईनं ऱ्हाऊ द्या. बैल आते आपला घर शे कोठे? ट्रॅक्टर शे.”

किरण हसली, मग हेमांगीची पोरंही हसली. हेमांगीला हसू आलं नाही. सगळ्या गोष्टींत ती लताताईच्या पुढे असायची, तिकीट काढायला, गाडी चालवायला, बोलायला. आणि आज एका शब्दात मागे पडली. तो कोनाडा यंदाही रिकामा राहणार, हे तिला कळून चुकलं. बारावीचं निमित्त तिनं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते पुरं पडेना. लताताई भ्यायली होती आणि तरी बोलली, आपण नुसत्याच भ्यायलो.

मायचा खांदा बेबाबाईच्या खांद्याला लागलेला होता, ओंडका अरुंद होता म्हणून.

“धर वहिनी,” ती म्हणाली. “पन रोट मी खात नही. मले बी देवीना भ्याव वाटस, खोटं काब बोलू. मना नावनी मूठ सूपमा पडू दे. तितलंच पुरं.”

झालं, असं सगळ्यांना वाटलं. वाढपी चौथ्यांदा डोकावून गेला. पण नवल शेतकरी माणूस, त्याच्या डोक्यात हिशेबाचा खुंटा अडकला तो अडकलाच. मुठीएवढं पीठ, पिठाएवढे रोट, आणि रोट उरवायचा नाही, हाही कानबाईचाच नियम.

“मंग तिना वाटाना रोट कोन खाई?” त्यानं विचारलं.

“मी खाईन,” हेमांगी म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की नवल दचकला. ती काचेकडे बघत होती. कान पुन्हा लाल झाले होते. “काही वाईट व्हायचं असलं तर मला होऊ दे. बेबाताईंचा वाटा मी खाईन. लताताईंनी मूठ धरली ना, मग वाटा माझा.”

लताबाईच्या तोंडात नेमकं तेच होतं. शब्द जिभेवर आला होता आणि हिनं पुढे होऊन उचलला. मघाशी जिंकलं ते सगळं क्षणात अर्धं झालं, आणि लताबाईला तिचा असा काही राग आला की हातातली पळी वरणाच्या भांड्यावर आपटली.

“आख्खा काब? तू जळगावथीन येशी, दोन घास खाशी नि चालनी जाशी. अर्धा मी खासू.”

“अर्धा नाही. मी आधी म्हटलं.”

“सूप मनं शे.”

“म्हणून काय झालं? तुम्हाला बीपी आहे, तूप चालत नाही तुम्हाला.”

“मना बीपीनं तू मले सांगू नको.”

कुंदन एकीला गप्प करत होता, नवल दुसरीला. सुंदरबाई कुणालाच गप्प करत नव्हती. शेजारच्या चाकावरची माणसं जेवायची थांबली होती, त्यांना वाटलं असणार की इस्टेटीची वाटणी चालली आहे.

बेबाबाई एकदा या वहिनीकडे बघत होती, एकदा त्या वहिनीकडे. तिच्या वाट्यावरून कुणी भांडेल असं तिला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. तिनं साडीची पिशवी खाली ठेवली, मायला लागून ओंडक्यावर नीट सरकून बसली आणि मोठ्या वहिनीच्या पळीपुढे आपली वाटी धरली.